मातामायची पाठवणी

ज्या घरात सकाळ-संध्याकाळ देवीची आरती व्हायची, त्याच घरातून सायकल काढून मी रोज देवीची लस टोचायला निघायचो. तो आजार आता उरला नाही, त्यामुळे आजच्या मुलांना त्यातला पेच कळायचा नाही. पण साठच्या दशकाच्या अखेरीस आमच्या नागपूरकडे अंगावर फोड उठले की रोग झाला असं कुणी म्हणत नसे. ‘घरी माता आली’ असं म्हणत. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागत, घरात फोडणी बंद होई, चपला घालून कुणी आत येत नसे आणि तापाने फणफणलेल्या लेकराशी म्हातारी माणसंसुद्धा हात जोडून बोलत. ती पाहुणी होती. आणि मी आरोग्य खात्यातला टोचणीवाला, त्या पाहुणीला हाकलायला निघालेला. लोक तसं समजत, आणि खरं सांगायचं तर हळूहळू मलाही तसंच वाटू लागलं होतं.

नागपूरच्या महाल भागात दोन खोल्यांत मी आणि माझी आई राहत होतो. मी तिला माय म्हणायचो. धाकटी बहीण मी शाळेत असताना याच आजाराने गेली. माय तेव्हा देवीवर रागावली नाही. तिनं दिली, तिनं नेली, एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा दिवा लावला. मला मात्र ते जिव्हारी लागलं होतं. मॅट्रिकनंतर या खात्यात जागा निघाली तेव्हा मी किती उमेदीने अर्ज केला होता! मायनेही अडवलं नाही. पण एका नवरात्रात मी घटाला पाणी घालायला गेलो, तर ती हलकेच म्हणाली, “बाबू, यंदा तू घटाले हात नको लावू. तिचं मन काहून दुखवाचं?” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. मी तांब्या खाली ठेवला आणि कामावर निघून गेलो.

काम तसं कष्टाचं होतं, पण माणूस नुसत्या कष्टाने थकत नाही. बरोबरचे एकेक करून सोडून गेले. कुणी गिरणीत लागला, कुणी धान्यबाजारात अडत्याकडे. त्यांची गाऱ्हाणी खोटी नव्हती. बदल्या कधीही होत, रजा मिळत नसे, गावाचं काम पार पडलं तर नाव वरच्यांचं आणि गावाने दगड मारले तर ते आमच्या पाठीवर. मी हे सगळं सोसलं असतं. पण एखाद्या घरासमोर उभं राहावं, आतून बाईने कडी लावून घ्यावी आणि दाराआडून तिचं पुटपुटणं ऐकू यावं, ‘माय, याचा राग आमच्यावर नको काढू’, हे मला सोसेनासं झालं. कारण ती ज्या देवीला विनवत होती तिलाच मीही हात जोडत होतो. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं हे तिने कसं ठरवावं?

शेवटी मीही सोडायचं ठरवलं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात ओळखीचे एक गृहस्थ होते. स्टोअरमध्ये माणूस हवा आहे, येऊन भेट, असा त्यांचा निरोप आला. जाताना वाटेत कोराडीला उतरलो. देवळात गर्दी नव्हती. जगदंबेसमोर बसलो खरा, पण मागावं काय ते सुचेना. बऱ्याच वेळाने मनातल्या मनात म्हणालो, “आई, मी चुकत असेन तर मला या कामातून काढ. चुकत नसेन तर मला इतकं एकटं ठेवू नको. यापुढे माझं डोकं चालत नाही. तूच काय ते बघ.” एवढं बोलल्यावर डोळे भरून आले. बाकी काही घडलं नाही. ना फूल पडलं, ना घंटा वाजली. मी प्रसाद घेऊन बाहेर आलो, खापरखेड्याला गेलो, आणि तिथलं काम ठरल्यातच जमा झालं.

आमचे इन्स्पेक्टर साहेब मूळचे नागपूरचेच. बोलणं कोरडं, पण माणूस आतून बरा. नोकरी सोडतो असं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “जाय बाबा. तुले थांबवून मी काय देणार आहो? पण कळमेश्वरच्या पुढं एका गावात पेशंट निघाला. दुसरा माणूस नाही माझ्याजवळ. तेवढं गाव करून दे, मग जाय.” मी हो म्हणालो. शेवटचंच गाव, असं स्वतःला समजावत मंगळवारी सकाळी सायकल काढली.

गावाच्या तोंडाशीच चार-सहा माणसं उभी होती. मी येणार हे त्यांना आधीच कळलं असावं. त्यातला किसन नावाचा माणूस पुढे झाला. माता त्याच्याच घरी आली होती, त्याच्या थोरल्या मुलाला. कित्येक रात्री झोपला नसेल असा त्याचा चेहरा होता. त्याची लहान मुलगी मागे धोतराला धरून उभी होती.

“पुढं येऊ नको गा,” तो म्हणाला. “माझ्या घरी माय बसली आहे. लेकरू आत्ता कुठं डोये उघडून राहिलं. तू तिले राग आणशीन अन् माझं लेकरू हातचं जाईन.”

“दादा, त्याले मी हात लावत नाही,” मी म्हणालो. “बाकीच्या लेकरायसाठी आलो. तुमच्या पोरीसाठी आलो.”

“बाकीच्यायचं तिले ठाऊक. तू जाय.”

बाकीच्यांनी माझी सायकल धरून तिचं तोंड मागे वळवलं. मी हुज्जत घातली नाही. वेशीजवळ कडुनिंबाखाली मातामायचं ठाणं होतं. शेंदूर लावलेला दगड, भोवती ओटा. सावली बघून तिथे बसलो. पिशवीत लस होती. एकदा कालवली की ती फार वेळ टिकत नाही, म्हणून कुपी तशीच ठेवली. मनात विचार आला, आपण आपलं काम केलं, आता उठावं आणि साहेबांना सांगावं की गावाने नाही म्हटलं. कुणी मला दोष दिला नसता. पण पाय उचलेनात. किसनची ती मुलगी सारखी डोळ्यांसमोर येत होती. भाऊ ज्या खोलीत निजला होता त्याच खोलीत तीही निजत होती.

ऊन चढल्यावर गावातल्या बायका दही-भाताचा नैवेद्य आणि पाण्याच्या घागरी घेऊन ठाण्याशी आल्या. मला बघून थबकल्या. त्यांच्यात भागाबाई नावाची एक म्हातारी विधवा होती. तिच्या अंगात मंगळवारी देवी येते, असं गाव मानत होतं. बायकांनी दगडाला पाणी घातलं, आणि भागाबाई घुमू लागली. केस सुटले, मान गरगर फिरू लागली. बायकांनी हात जोडले. पुरुषही धावत आले. मी पिशवी छातीशी धरून बाजूला उभा राहिलो. आता हिने माझं नाव घेतलं तर इथून सुखरूप जाणं कठीण, हे मला कळत होतं.

“कोण आलं माझ्या दारी?” ती ओरडली.

“माय, टोचणीवाला आहे,” किसन हात जोडून म्हणाला. “आत्ता हाकलतो त्याले.”

“काहून हाकलता?” भागाबाईची मान थांबली. आवाज खाली आला, थकलेल्या बाईसारखा. “लय दिवस राहिली मी तुमच्या घरी. लय लेकरं नेली तुमची. थकली मी आता. मले माझ्या घरी जाऊ द्या. हा पोरगा मले पोचवाले आला. त्याले पाणी द्या कोणी.”

 तिने बांगड्यांविना मोकळा हात पुढे केला, दंड उघडा केला आणि माझ्याकडे बघितलं. “इकडं ये बाबू. टोच.”

मी कुपीतली लस कालवली. आजवर किती दंडांना ती सुई लावली होती, पण त्या दिवशी मी आधी तिच्या पायांना हात लावला, मगच दंड धरला. सुई टोचली. रक्ताचा बारीक ठिपका वर आला. भागाबाई त्या ठिपक्याकडे टक लावून बघत राहिली, आणि मग अगदी आपल्या रोजच्या आवाजात म्हणाली, “एवढंच होय? मुंगी चावल्यावाणी.”

मागून एक बाई हसली. मग दुसरी. सगळ्या गावाचा अडकलेला श्वास सुटल्यासारखं झालं.  किसनने मुलीला उचललं, माझ्यासमोर आणून उभं केलं आणि तिची बाही स्वतः वर केली. मुलीने भोकाड पसरलं. तो तिला म्हणाला, “रडू नको वं. माय घरी चालली, तिले हसून निरोप देवाचा.” त्यानंतर ओट्याभोवती रांग लागली. माझ्या हाताला उसंत मिळेना. टोचता टोचता माझेही डोळे वाहत होते आणि मला ते पुसायला वेळ नव्हता.

दुपार उलटल्यावर भागाबाईने मला नैवेद्याचा दही-भात वाढला. मी न राहवून विचारलं, “मावशी, मघा तुम्ही जे बोलल्या...” तिने हात झटकला. “मले काय ठाऊक बाबू? तिचं ती बोलली. जेव तू.” पुढे गावात कळलं की तिची सगळी लेकरं माताच घेऊन गेली होती. ती स्वतःच्या दुःखातून बोलली, की देवी तिच्या तोंडून बोलली, हे मी कधी ठरवत बसलो नाही. मला एवढंच माहीत आहे की कोराडीला मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर मला माणसाच्या आवाजात मिळालं. मी कुणाला हाकलायला निघालो नव्हतो. तिलाच जायचं होतं, आणि पाठवणीला तिने मला बोलावलं होतं.

किसनचा मुलगा वाचला. पुढच्या काही आठवड्यांत त्या गावात दुसऱ्या कुठल्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला नाही. साहेब स्वतः येऊन बघून गेले. परतताना मला म्हणाले, “मग खापरखेड्याले कधी रुजू होऊन राहिला?” मी म्हणालो, “नाही जात साहेब.”  त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

घरी येऊन मायला मी सगळं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.  मग म्हणाली, “पोचवाले आला, असं म्हणाली?” मी मान हलवली. त्या वर्षी घट बसले तेव्हा तिनेच मला हाक मारली, तांब्या माझ्या हातात दिला आणि आपण मागे हात जोडून उभी राहिली.

नोकरी होती तशीच राहिली. तीच सायकल, त्याच बदल्या, तशीच नाकारलेली रजा. गावं लगेच दार उघडू लागली असंही नाही. पण माझ्यातला थकवा गेला. पूर्वी मी खात्याची नोकरी करत होतो आणि देवीची क्षमा मागत होतो. आता दोन्ही एकच झालं. बंद दारासमोर उभा राहून मी शांतपणे म्हणू शकत होतो, घाई नाही माय, तुझं आटोपू दे, मी बाहेर थांबतो. नवल म्हणजे असं थांबता येऊ लागल्यावर दारंही उघडू लागली. सहकारी विचारायचे, तुला या कामात एवढं काय मिळतं? मला नीट सांगता यायचं नाही. रात्री झोप लागते, एवढंच सांगायचो.

पुढे तो आजार आपल्याकडून खरोखरच गेला. आम्हाला हिवतापाच्या कामाला लावलं. त्या कामासाठी अनेक वर्षांनी त्याच गावात गेलो असताना तिथल्या गुरुजींनी मला शाळेत नेलं. वर्गात मुलं ओळीने बसली होती, दंगा करत, पाट्या वाजवत. मी रक्ताचे नमुने घ्यायचे विसरून दारातच उभा राहिलो. त्या सगळ्या चेहऱ्यांवर मातेचा एकही वण नव्हता. आमच्या वयाच्या माणसांनी असा वर्ग कधी पाहिलाच नव्हता. गुरुजी म्हणाले, “काय झालं हो? आत या ना.” मी म्हणालो, “येतो. पाहून राहिलो जरा.” आणि चपला दाराबाहेर काढून ठेवून, देवळात शिरावं तसा, त्या मुलांमध्ये गेलो.