जिभेवर आलेलं सीरम

ह्यांची रेल्वेतली बदली जयपूरला झाली आणि मी राजा पार्कमधल्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. हातमोजे ऑपरेशनवाल्यांसाठी असतात, अशी तिथे समजूत होती. ज्या शेगडीवर सुया उकळायच्या, तिच्यावरच बीकरमध्ये चहा व्हायचा आणि आम्ही तो चवीने प्यायचो.

रक्त गोठल्यावर वर येणारं सीरम आम्ही काचेच्या पिपेटने घ्यायचो. एक टोक नळीत, दुसरं तोंडात, आणि खुणेपर्यंत हलकेच ओढायचं. तोंड न लावता ओढता यावं म्हणून पिपेटला लावायचे रबरी फुगेही कपाटात होते. "ये तो नौसिखियों के लिए हैं," आमचे सीनियर सांगायचे. त्यांना सगळे मास्टरजी म्हणत. मलाही फुगा नकोच असे. खुणेच्या पुढे माझा थेंबही जात नाही, याचा मला भारी तोरा होता.

मला सहावा महिना होता. एका नळीत सीरम अगदी थोडं उरलं होतं. मी जोर लावला, टोकाने हवा घेतली आणि सगळं थेट जिभेवर आलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, पीलिया. म्हणजे कावीळ. मी चुळांवर चुळा भरल्या. मास्टरजींनी बडीशेप पुढे केली. "मेरे मुँह में तो कितनी बार गया है, बहनजी. कुछ नहीं होता."

दुसऱ्या दिवसापासून मी मुकाट्याने फुगा वापरू लागले. घरी मात्र बोलले नाही. ह्यांनी नोकरी सोडायला लावली असती, आणि त्या परक्या गावात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. दर सोमवारी स्वतःचं रक्त खोट्या नावाने तपासायचे. काही निघत नव्हतं; पण रक्तातून लागणारी कावीळ महिनोन्‌महिने दबा धरून बसते, हे मी शिकले होते. माझ्यापेक्षा पोटातल्या जिवाची भीती जास्त. रोज सकाळी आरशात डोळे ताणून बघायचे.

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा पिवळसर दिसू लागला. नर्स म्हणाली, "सबको होता है." ते मलाही पाठ होतं. तरी मी ह्यांना सगळं सांगून टाकलं.

"पोटात होती तेव्हाच का नाही सांगितलंस?" ह्यांनी एवढंच विचारलं.

बाळाचं रक्त तपासलं, काही निघालं नाही. आठवड्यात तिचा रंग निवळला. ह्यांना माझ्याशी नीट बोलायला दोन महिने लागले, आणि मी एकदाही कुरकुर केली नाही.