माठातले चमचे

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर झोपेत तिचा हात सारखा डोळ्याकडे जायचा. तो धरायला बायको रोज तिच्या पलंगाशेजारी गादी टाकून निजायची. निजायची म्हणजे नुसती पडायची. मी दुसऱ्या खोलीत पंखा लावून गाढ झोपायचो. ‘आज मी झोपतो तिथे’ हे वाक्य माझ्या ओठांवर यायचं, तिथेच राहायचं.

शहरातल्या लष्कर भागातल्या एका शाळेने बायकोला मुलाखतीला बोलावलं, तेही अशातच. मुलगी लहान असताना तिने नोकरी सोडली होती. आता पुन्हा कोणी बोलावेल, ही आशाच तिने सोडली होती. मुलाखतीच्या सकाळी ती आरशासमोर उभी राहिली, तर डोळ्यांखाली फुगवटे आणि डोळे लालसर.

“मम्मी, तुझे डोळे तर एकदम पकौड़े झालेत,” मुलगी म्हणाली.

“आजारी बाईला कोण नोकरी देईल?” बायको म्हणाली. ती हसली नाही.

मला काहीतरी करून दाखवायची घाई झाली. आईच्या उशाशी थेंबांची बाटली होती. डोळ्यांचंच औषध आहे, डोळे निवळतील, एवढाच विचार करून मी ती उचलली. दर्पण कॉलनीतली आमची अर्धी बिरादरी अशीच एकमेकांची औषधं वापरते.

“ठेव ती खाली!” आई पलंगावरूनच ओरडली. “माझ्या ऑपरेशनचं औषध तिच्या डोळ्यांत? अक्कल आहे की नाही? स्टीलचे चमचे आण. माठात घालून ठेव जरा.”

“आई, तुम्ही पडून राहा,” बायको म्हणाली.

“डॉक्टरांनी वाकू नको सांगितलंय, बसू नको नाही. ये इकडे.”

काळा चष्मा लावलेली आई भिंतीला टेकून ताठ बसली. बायकोने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईने चमचे पुसले आणि त्यांची पाठ मिटल्या डोळ्यांखाली नुसती टेकवली. दाबलं नाही, चोळलं नाही. गार चमचे देत राहायचं काम मला मिळालं.

“रडायचं असेल तर आत्ताच रडून घे,” आई म्हणाली, “नंतर परत सुजतील.”

त्यावर मात्र बायको हसली.

मग आईने मला साडीचा रंग विचारला. चष्म्यातून तिला सगळं सारखंच दिसत होतं. पिवळी म्हटल्यावर म्हणाली, “नको. निळी नेस. डोळ्यांतलं पांढरं उजळून दिसतं.”

तासाभराने फुगवटे बरेच उतरले. थकवा होताच, पण डोळे उघडे, स्वच्छ दिसत होते. त्या दोघींकडे बघताना मला माझी लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाटलं ते कौतुक. एकीचा डोळा अजून बरा व्हायचा होता, दुसरीला झोप नव्हती. तरी एकमेकींचं करायला कोणाला सांगावं लागलं नव्हतं.

मी स्कूटरवरून तिला सोडलं आणि फाटकाबाहेर थांबलो. ती बाहेर आली तेव्हा भर उन्हातही डोळे बारीक न करता सरळ माझ्याकडे बघत होती.

“सोमवारपासून या म्हणाले.”

मी खिशातून मोबाइल काढला.

“घरी फोन करू नका हं,” ती मागे बसत म्हणाली. “आईंना मी सांगणार.”