भाऊजींचा कान

आमच्या भाऊजींसारखा तीक्ष्ण कान अख्ख्या आखातात दुसऱ्या कुणाला नाही, हे मी नाही म्हणत, भाऊजी स्वतःच म्हणत असत. भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे मावसभाऊ. एके काळी मराठी टीव्हीवर गुप्तहेर होते. खरे नव्हे हो, मालिकेतले. दर शुक्रवारी तपकिरी कोट घालून, डावी भुवई वर करून ते एक गुन्हेगार पकडत, आणि तिकडे साताऱ्यात माझी आई कणकेचा गोळा हातात तसाच धरून टीव्हीसमोर उभी राहायची. प्रत्येक भागाचा शेवट ठरलेला. गुन्हेगार कोपऱ्यात सापडायचा, हात जोडून "माफी, साहेब, माफी!" म्हणत रडायचा, आणि भाऊजी त्याच्याकडे पाठ फिरवून म्हणायचे, "माफी कोर्टात माग!" की लागलंच शीर्षकगीत. पुढे मालिका बंद पडली, दुसरं काम मिळेना, तेव्हा ह्यांनी खटपट करून त्यांना बहरीनला आणलं, एका कंपनीचं स्टोअर सांभाळायला. माणूस आला, पण कोटासकट आला. एअरपोर्टच्या दाराबाहेर पाऊल टाकल्याबरोबर दमट हवेने चष्मा आंधळा झाला, तरी कोट काही उतरला नाही.

त्यांचं रेसिडेंट कार्ड यायला वेळ लागला, म्हणून भाऊजी ईसा टाउनच्या आमच्या फ्लॅटवर नुसते बसून. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसे ते बिल्डिंगभर तपास लावत सुटले. शेजाऱ्यांच्या दारातून एक चप्पल गेली, तर भाऊजींनी गुडघे टेकून फरशी हुंगली आणि जाहीर केलं, "चोर डावखुरा आहे." मी म्हटलं, "हे कशावरून?" तर म्हणाले, "डावीच नेलीय ना!" ह्यांचा डबा ऑफिसात हरवला, तेव्हा ह्यांच्या तीन सहकाऱ्यांना फोन लावून भाऊजींनी फक्त "हॅलो" म्हणायला लावलं. "आवाजावरून कळतं, वहिनी. अपराधी माणसाचा हॅलो जड येतो." डबा आमच्याच गाडीत, मागच्या सीटखाली होता, आणि दोन दिवसांची भेंडी त्यात काय झाली होती ते विचारू नका. पण भाऊजी खजील होतील तर शपथ! "कान बरोबर होता," म्हणाले, "पुरावा चुकला." आम्ही हसत होतो. बायका त्यांच्यासोबत सेल्फी काढत होत्या. कोट, भुवई, सगळं दाखवायला लावत होत्या, आणि भाऊजी खूश होऊन दाखवत होते.

आता गोपाळदादाचं सांगायला हवं. हा राजापूरकडचा ड्रायव्हर, इथे येऊन वीसेक वर्षं झालेली. आमच्या बिल्डिंगमधली पोरं त्याच्याच व्हॅनमधून शाळेत जायची. त्याच्या बोलण्यात निम्मं राजापूर आणि निम्मं मनामाचं अरबी. पोरं त्याच्याशी इंग्रजीत बोलायची, तो त्यांना "यल्ला, दप्तरां उचला, खलास, शाळा इली!" म्हणायचा, आणि दोन्ही बाजूंचं झकास जमायचं. वरच्या मजल्यावरच्या सुषमाच्या धाकटीला गाडी लागायची, म्हणून तिच्यासाठी तो खिशात आवळासुपारी ठेवायचा. भाऊजींना येऊन तेव्हा जेमतेम महिना झाला असेल. ते गोपाळदादाला फक्त चेहऱ्याने ओळखत होते.

सुषमाकडे हळदीकुंकू होतं. जिदहफ्सकडच्या बायकांना गोपाळदादानेच व्हॅनमधून आणलं, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून आतल्या खोलीतून त्याही उचलून दिल्या. त्याच खोलीत सुषमाने ठुशी काढून आरशासमोर ठेवली होती. गळ्याला टोचत होती म्हणे. दुपारी बघते तर ठुशी नाही! गाद्या उलटल्या, पर्सा उपड्या केल्या, वाणाच्या पिशव्यासुद्धा चाळल्या. आणि मग कुणीतरी म्हणालं, अहो, तुमच्याकडे एवढे गुप्तहेर आहेत, बोलवा की त्यांना. भाऊजी कोट चढवून हजर. त्यांनी विचारलं, खोलीत कोण कोण गेलं होतं? सगळ्यांच्या माना दारात उभ्या असलेल्या गोपाळदादाकडे वळल्या. भाऊजी त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि दार लावून घेतलं. "चौकशी एकांतात होते," म्हणाले. आम्हाला बाहेर कुकरच्या शिट्टीखेरीज काही ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने दार उघडलं. भाऊजी एकटेच. गोपाळदादाला त्यांनी मागच्या जिन्याने खाली पाठवलं होतं. डावी भुवई वर चढली. "कबूल झाला," म्हणाले. "हात जोडून माफी मागितली. एकदा नाही, दोनदा. हा कान चुकत नाही." सुषमाचे मिस्टर खाली धावले, तर व्हॅन निघून गेलेली. पळाला, असं सगळे म्हणाले. शाळा सुटायची वेळ झाली होती आणि आमचीच पोरं आणायला तो गेला होता, हे तेव्हा एकीच्याही लक्षात आलं नाही. सुषमाचे मिस्टर मनाने मोठे. म्हणाले, "गरीब माणूस आहे, माफी मागितलीय ना, पोलिसात नको, विषयही नको." सगळ्यांनी मान डोलावली. किती चांगली माणसं आम्ही! पोलिसात गेलो असतो तर निदान कुणीतरी त्याला विचारलं तरी असतं. आम्ही कुणी काही विचारलं नाही. एकेका घराने "दादा, उद्यापासून स्कूल बस लावलीय" एवढंच सांगितलं. त्यानेही मान खाली घालून "बरा" म्हटलं आणि तो दिसेनासा झाला. ठुशी काही मिळाली नाही, ती आजतागायत.

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. मी भाऊजींना घेऊन जिदहफ्सच्या बाजारात गेले होते. भाऊजींनी ऐटीत एका म्हाताऱ्या भाजीवाल्याला विचारलं, "मेथी?" म्हातारा दोन्ही हात जुळवून, झटकून म्हणाला, "माफी, माफी!" भाऊजी विरघळले. "अहो बाबा, माफी कसली मागता? नसेल तर नसू दे!" मला हसू आवरेना. मी म्हटलं, "भाऊजी, तो माफी मागत नाहीये. इथे मफी म्हणजे नाही. मेथी मफी, मेथी नाहीये! घाईत म्हटलं की माफीच ऐकू येतं. ड्रायव्हर, वॉचमन, आपली माणसंसुद्धा दिवसभर तेच म्हणतात." आणि बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. भाऊजींच्या हातातली पिशवी खाली गेली, टोमॅटो हातगाडीच्या चाकाखाली गेले. ते तिथेच, भर बाजारात, खोक्यावर बसले. "वहिनी," म्हणाले, "मी विचारलं, ठुशी तू घेतलीस? तो हात जोडून म्हणाला, माफी साहेब, माफी." मग अगदी हळू, "आणि मी त्याला काय म्हणालो माहितेय? माफी कोर्टात माग."

त्या दिवसापासून कोट कपाटात गेला. माणूसही जवळजवळ कपाटातच गेला म्हणा ना. पूर्वी जे दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नसत, ते आता प्रत्येकाला दोनदा विचारायला लागले. कोल्ड स्टोअरवाला, म्हणजे इथला वाणी, "ओके" म्हणाला की भाऊजींचा प्रश्न, "ओके म्हणजे हो, की ओके म्हणजे जा?" मी "चहा ठेवते" म्हटलं की, "ठेवते म्हणजे करते, की ठेवून देते?" कार्ड आल्यावर कामाला लागले, तर ऑफिसात एकाच ऑर्डरची इतक्यांदा खात्री करून घेत की साहेब वैतागून म्हणाले, ह्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्या. कुणाच्या घरी जुन्या मालिकेची क्लिप लागली की भाऊजी बाल्कनीत. तेवढ्यावर थांबले नाहीत. बिल्डिंगमधलं एकेक दार वाजवून सांगत फिरले, "माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल. तो कदाचित नाहीच म्हणाला असेल." लोक म्हणाले, आता बसची फी भरली. सुषमाने दारातच विचारलं, "मग ठुशी घेतली कुणी?" भाऊजींच्या मालिकेत असा प्रश्न उत्तराशिवाय कधी उरला नव्हता.

"खोटं कशाला बोलू, वहिनी," एकदा जेवताना म्हणाले, "घेतलीही असेल त्याने. तेच तर मला कळत नाही. घेतली असती आणि माफी मागितली असती, तरी हात असेच जोडले असते. आणि नसती घेतली, मफी म्हणाला असता, तरी मी असा डोळे वटारून उभा होतो की गरीब माणूस हातच जोडणार ना!" ताटातला भात तसाच राहिला. मला माझी लाज वाटली, कारण बंद दाराबाहेर मीही नुसती कुकरची शिट्टीच ऐकली होती, तरी त्यांच्या भुवईवर विश्वास ठेवला होता.

शेवटी कळलं की गोपाळदादा मुहर्रकला, एअरपोर्टच्या बाजूला एका लाँड्रीची गाडी चालवतो. भाऊजींकडे इथलं लायसन नाही, म्हणून मीच गाडी काढली. वाटेत ते म्हणाले, "फक्त एवढंच विचारू का त्याला, की त्या दिवशी नक्की काय म्हणाला होतास?"

"खबरदार!" मी म्हटलं. "विचारलंत म्हणजे अजून संशय आहे, असंच झालं ते. पुन्हा चौकशीच की!"

"आणि नाही विचारलं तर मला कधीच कळणार नाही."

"नाही कळणार," मी म्हटलं.

गल्लीत, लाँड्रीच्या दारात गोपाळदादा पांढऱ्या कपड्यांचे गठ्ठे उतरवत होता. आम्हाला बघून थांबला. भाऊजी पुढे झाले. टीव्हीवर पानभर संवाद एका दमात म्हणणारा माणूस, आज दोनच शब्दांवर आला. त्यांनी विचारलं नाही, हे मात्र सांगते. तो प्रश्न गिळला. मग हात जोडले आणि म्हणाले, "माफी, दादा... माफी." मला एकदम वाटलं, आता कुणीतरी पाठ फिरवणार. गोपाळदादाने गठ्ठा खाली ठेवला, हात शर्टाला पुसले आणि म्हणाला, "मफी मुश्कील, साहेब." लगेच माझ्याकडे वळला. "वयनी, सुषमाताईंची बारकी अजून उलटी करते काय हो गाडीत?" मी नाही म्हटलं. खोटंच सांगितलं. "मोठ्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसवा म्हणावं तिला," तो म्हणाला, आणि गठ्ठा उचलून आत गेला. चहाला काही बोलावलं नाही. गिऱ्हाइकाची वेळ असेल.

परतताना मुहर्रकच्या पुलावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, मफी मुश्कील म्हणजे काही अडचण नाही, जाऊ दे, असंच ना?"

"हो तर," मी म्हटलं. "इथे सगळे उठताबसता तेच म्हणतात."

पूल संपला. सिग्नलला गाडी थांबली. भाऊजी समोर बघत, अगदी लहान आवाजात म्हणाले, "की, माफी मुश्कील आहे, असं म्हणाला?"

मी आठवून पाहिलं. म्हणताना तो हसला होता का? नजर कुठे होती? इतकी वर्षं इथे राहून हे दोन शब्द मी हजारदा ऐकले असतील, पण मला सांगता येईना. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली. माझा कान काही भाऊजींसारखा तीक्ष्ण नाही.