जिवंत माणसाचं जागरण

आयर्लंडचा इतिहास मी शिकले तो इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या लायब्ररीत, फोल्डिंगच्या खुर्चीवर बसून. त्याआधी माझं ज्ञान म्हणजे शाळेच्या पुस्तकातला 'होमरूल' हा एक शब्द, तोही परीक्षेपुरता.

आमच्या शेजारच्या बाई आयरिश होत्या. ऐंशी सालानंतर मी लग्न होऊन इथं आले, मिस्टर हॉस्पिटलात डॉक्टर, त्यांच्या ड्यूटीला ना वेळ ना काळ. बाळंतपणात माझ्याजवळ आई नव्हती, सासू नव्हती, या बाई होत्या. डिंकाचे लाडू त्यांना कुठले माहीत! पण बटाट्याचं सूप पातेलं भरून आणायच्या आणि माझ्या रडक्या लेकीला खांद्यावर टाकून तासन्‌तास फेऱ्या मारायच्या. ते मी या जन्मी विसरायची नाही.

त्यांची थोरली बहीण तिकडे गावी एकटी होती, हळूहळू खंगत चाललेली. दर रविवारी तिचा फोन यायचा, "एकदा येऊन जा गं." बाई "बघू" म्हणायच्या. तरुणपणी इंग्लंडला आल्या त्या परत गेल्याच नव्हत्या, आईच्या मयतालासुद्धा नाही. माझं डोकंच फिरायचं. "अहो, मला पुण्याला चार-चार वर्षं जाता येत नाही, आणि तुमचं गाव बोटीनं एका रात्रीवर!" असं मी तोंडावर म्हणायचे. त्या माझ्या कांदाभज्यांचं कौतुक करून विषय बदलायच्या.

नव्वदनंतर एकदा आमच्या लायब्ररीत पुस्तकांचा फेस्टिव्हल भरला. आयर्लंडच्या इतिहासावर लिहिणारे लेखक दर शनिवारी बोलायला येणार होते. बाई त्या पोस्टरपुढे थबकल्या आणि मी बघतेय म्हटल्यावर शेजारची बिंगोची नोटीस वाचायला लागल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायचं! मी म्हटलं, "चला, मला सोबत हवी." त्या म्हणाल्या, "येते, पण तोंड उघडणार नाही." तेव्हा आयरिश अतिरेक्यांनी इंग्लंडात बॉम्ब फोडल्याच्या बातम्या यायच्या. उच्चार ओळखू येऊ नये म्हणून त्या बेकरीतसुद्धा ब्रेड बोटानं दाखवायच्या.

पहिल्या शनिवारी तिकडच्या मोठ्या दुष्काळावर बोलणं झालं. बटाटा कुजला हे खरं, पण धान्य बोटी भरभरून बाहेर जातच होतं, असं लेखक म्हणाले. मला आमच्याकडचे साहेबाच्या राज्यातले दुष्काळ आठवले. मी इतकी चिडले की शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या इंग्रजाकडे डोळे वटारून पाहिलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष! त्यानं मला पेपरमिंटची गोळी दिली, ती मी घेतली.

शेवटच्या शनिवारी एक लेखिका आल्या. मेलेल्या माणसापाशी रात्रभर जागायची तिकडे पद्धत. अमेरिकेला निघालेल्या मुलांसाठीही घरचे तसंच जागायचे, असं त्यांनी सांगितलं. धडधाकट पोरगं समोर बसलेलं आणि त्याच्यासाठी रडणं चाललेलं, कारण ते परत दिसायचं नाही. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

मला राहवेना. मी हात वर करून विचारलं, "जाणारा दारातून निघताना काय म्हणायचा?" लेखिका म्हणाल्या, "गुडबाय, दुसरं काय?"

"मग तिथंच चुकलं!" मी म्हटलं. "आमच्यात 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. मी नवीन असताना या बाईंच्या दारातून निघताना 'आय ॲम कमिंग' म्हणायचे, आणि या बिचाऱ्या किटली तापत ठेवून माझी वाट बघत बसायच्या."

हॉल हसला. आणि तेवढ्यात बाई उठून उभ्या राहिल्या. सगळ्या इंग्रजांसमोर, आपल्या अस्सल उच्चारात त्या म्हणाल्या, "माझ्या आईचे भाऊ अमेरिकेला गेले ते गेलेच. म्हणून मी फक्त इंग्लंडला निघाले तरी ती माझ्यासाठी तशीच रात्रभर जागली. तिनं एकदा एवढं रडून घेतलंय, आता कुठल्या तोंडानं त्या दारात उभी राहू?"

इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिले आणि मला हे लायब्ररीत कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरी जाताना बसमध्ये मी रडले, त्यांनी मला रुमाल दिला. मग म्हणाल्या, "तो तुझा शब्द नीट शिकव."

पंधरा दिवसांसाठी म्हणून त्या गेल्या. आमच्या दारात "येटे" म्हणाल्या, 'त' काही जमला नाही. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे तीन झाले. बहिणीला उठवायला-बसवायला माणूस हवं होतं. एका रविवारी त्यांचा फोन आला की इथलं घर विकायला काढतेय.

माझा तोल गेला. मीच त्यांना ढकलून पाठवलं होतं आणि मीच फोनवर भांडायला लागले, "अहो, 'येते' म्हणून गेलात ना तुम्ही? मग?"

त्या हसल्या. मागे कोणीतरी खोकलं, बहीणच असावी.

"मग?" त्या म्हणाल्या. "आलेच की गं मी."