जिमीवरचा इलाज

"बाई, यो मुतत नाय."

काशिनाथने वायरची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. पिशवी हलली. आधी एक कान बाहेर आला, उभा. मग दुसरा, पडलेला. मग तोंड. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे, त्यामुळे स्वारी कायम रुसलेली दिसत होती.

"कधीपासून?"

"परवा सांजपासून. एक थेंब नाय."

मी मुरबाड तालुक्यात सरकारी दवाखान्यात जनावरांची डॉक्टर होते. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. जनावरं म्हणजे बैल, म्हशी, शेळ्या, फार तर कोंबड्या. म्हशाची जत्रा तोंडावर आली होती. तिथे बैलांचा मोठा बाजार भरतो, म्हणून दवाखान्याच्या अंगणात सकाळपासून बैलांची रांग लागलेली. आमच्याकडे तपासायला खोडा होता. खोडा म्हणजे लोखंडी पाइपांची चौकट. बैल आत घ्यायचा, मागेपुढे आडवे दांडे टाकायचे, मग तो लाथ मारू शकत नाही. या पाहुण्याला खोड्यात उभं केलं असतं तर तो खालून चालत घरी गेला असता.

कुत्र्यांबद्दल माझं मत तेव्हा काही फार चांगलं नव्हतं. मांडीवर घेऊन बसायची कुत्री हा मुंबईकरांचा चोचला, असं मी उघड म्हणायचे. आणि नेमकं तसलंच ध्यान माझ्या टेबलावर येऊन माझ्याकडे रुसून बघत होतं.

काशिनाथच्या मागे दारात एक बाई उभी होती. चाळिशी उलटलेली, साडीला नीट पिना लावलेली. "ही माझी भैन, सुनंदा. कुत्रा हिचा," काशिनाथ म्हणाला. पुढची हकिकतही त्यानेच सांगितली. ती नुसती ऐकत होती.

त्यांचं गाव सिद्धगडाच्या बाजूला. सुनंदाचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच गेला. मग ती घाटकोपरला एका गुजराती आजींकडे राहायला गेली, त्यांचं सगळं करायला. तिथे वीस वर्षं काढली. आजींना ती 'बा' म्हणायची. हा जिमी बांचा. आई पामेरियन, बाप सोसायटीच्या गेटवरचा गावठी. दिवाळीनंतर बा वारल्या. मुलगे परदेशातून आले, फ्लॅट विकला आणि गेले. कुत्रा कोणालाच नको होता. जीव जायच्या आधी बांनी सुनंदाचा हात जिमीच्या डोक्यावर ठेवला होता, "याला टाकू नको," म्हणून. तर एक ट्रंक आणि एक कुत्रा घेऊन ती गेल्या आठवड्यात भावाच्या घरी आली होती.

"यो भाकर खात नाय, कोंबडीला घाबरतो, आनि आता हा तमाशा," काशिनाथ म्हणाला. "माझी बायको वैतागली. सोमवारपातूर बरा झाला तर ठीक. नायतर कामावर जाताना मी त्याला आटगाव टेशनात सोडतो. कोन पन नेल."

काशिनाथ आटगावच्या एका गोडाऊनमध्ये कामाला होता. माणूस वाईट नव्हता. त्याच्या बैलांना मी अनेकदा टोचलं होतं. बैल दुखला की हा माणूस जेवत नसे.

तेव्हा दारातून पहिल्यांदा आवाज आला. "दादा, याला सोडलंस तर मीपण त्याच्यासोबत आटगावला उतरेन."

तिने आवाज चढवला नव्हता. काशिनाथ माझ्याकडे बघायला लागला, मी कुत्र्याकडे.

"बस," मी जिमीला म्हणाले. तो ढिम्म. "बस रे!" काही नाही.

"बेस, जिमी, बेस," सुनंदा म्हणाली आणि तो टुणकन बसला.

"घ्या! याला मराठी पन येत नाय," काशिनाथने कपाळावर हात मारला. आमचे ड्रेसर भोईर इतके हसले की हातातली सिरिंज खाली ठेवावी लागली. ड्रेसर म्हणजे दवाखान्यात जखमा धुणारा, बांधणारा माणूस. जनावर धरायचं कामही त्यांचंच.

मी पोट चाचपलं. लघवीची पिशवी टम्म फुगली होती. नर कुत्र्यात असं झालं की पहिला संशय मुतखड्याचा. लघवीची नळी अरुंद असते, खडा अडकला की वाट बंद. मग पिशवी फुटू शकते, नाहीतर विष रक्तात चढतं, आणि खेळ खलास. वाट मोकळी आहे का हे बघायला नळी घालावी लागते. माझ्याकडे होत्या त्या नळ्या गाईम्हशींच्या. त्या बघूनच जिमी टेबलाखाली गेला असता.

भोईरांना सायकलवर ग्रामीण रुग्णालयात पिटाळलं. तान्ह्या बाळांना नाकातून दूध द्यायची बारीक नळी असते, ती त्यांनी आणली. तेल लावून मी ती हळूहळू सरकवली. सुनंदाने जिमीचं डोकं छातीशी धरलं होतं आणि त्याच्या कानात गुजरातीत काहीतरी पुटपुटत होती. तो थरथरला, पण चावला नाही. नळी कुठेही न अडकता आत गेली. स्वच्छ पिवळी लघवी आली, चांगली भांडंभर.

"झाला?" काशिनाथने विचारलं.

"आजच्यापुरतं झालं."

पण माझं समाधान झालं नव्हतं. खडा नाही, सूज नाही, रक्त नाही. वाट सताड उघडी. मग हा करत का नाही? मी पाठीचा कणा तपासला, मागचे पाय तपासले. सगळं ठणठणीत. तपासणी संपली तसा जिमी टेबलावरून उतरला, खोलीभर फिरला आणि येऊन माझ्या पायांवर बसला. मी पाय काढून घेतला. तो सरकून परत बसला. आता काय करणार? बसू दिला.

"घरी काही वेगळं घडलं का? मार, भीती?" मी विचारलं.

"छ्या! काय नाय," काशिनाथ म्हणाला. सुनंदा जमिनीकडे बघत होती.

शनिवारी ती एकटीच आली, एसटीने, मांडीवर पिशवी घेऊन. जिमीचं पुन्हा तेच. दिवसभर दाबून धरायचा आणि रात्री झोपेत थोडं गळायचं. वैनीची गोधडी भिजली होती. घरात काय झालं असेल ते विचारायची गरज नव्हती. सुनंदाचे ओठ सुकले होते, डोळे ओढलेले. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

जिमीला टेबलावर घेणार, तोच ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, इथं संडास हाय का?"

मागच्या बाजूला होता. किल्ली माझ्याकडे असायची. ती निघाली तसा जिमीने असा काही गळा काढला की अंगणातले बैल कान टवकारायला लागले. "घेऊन जा गं त्याला," मी म्हणाले. ती त्याला काखोटीला मारून गेली.

बराच वेळ झाला. भोईर माझ्याकडे बघायला लागले. शेवटी ती बाहेर आली. डोळ्यांत पाणी, आणि हसत होती.

"बाई, यानंपन केली! लादीवर. भरपूर."

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि भोईरांना बैलांकडे पाठवलं. "आता नीट सांग. घरी काय झालं?"

मग तिने सांगितलं. बांच्या घरी जिमी बाथरूममध्ये जायचा, लादीवर, जाळीपाशी. त्याला माती ठाऊकच नव्हती. गावी आल्यावर त्याने घरातली एकुलती लादी शोधून काढली, मोरीतली. पहिले काही दिवस सुनंदा पटकन पाणी ओतून धुऊन टाकायची. मग वैनीने बघितलं आणि झाडू घातला.

"तिचं चूक नाय बाई. पान्याचे हंडे तिथंच ठेवतात. माझ्या मोरीत कुत्रा मुतला तर मीपन मारला असता."

म्हणजे कुत्र्याच्या डोक्यात हिशेब साधा होता. करायचं ते लादीवरच, आणि लादीवर केलं की झाडू. मग करायचंच नाही.

"हे त्याच दिवशी का नाही बोललीस? मी बिचाऱ्याला उगाच नळी घातली."

"दादासमोर? वैनीची तक्रार? माहेरी येऊन आठ दिस नाय झाले माझे."

तिच्यासमोर भोईरांनी ठेवलेला पाण्याचा ग्लास होता. तिने ओठ ओले केले आणि ग्लास खाली ठेवला. तेवढ्यावरून माझ्या मनात पाल चुकचुकली.

"सुनंदा, तू दिवसभरात पाणी किती पितेस?"

तिने ग्लास आणखी दूर सरकवला. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. अंगात ताप होता.

"जळजळतं का?"

तिने मान डोलावली आणि पदर तोंडाला लावला.

"लहानपनी मीपन जातच होते की बाई, बायांबरोबर, रानात, उजाडायच्या आधी. तेव्हा काय वाटलं नाय. आता बसले की कोनतरी बॅटरी मारतो. उठून उभं राहायचं. तो गेला की परत बसायचं. परत कोनी येतो. मला होतच नाय. मग पानीच सोडलं."

मला भयंकर राग आला. कोणाचा ते कळेना. फिरतीची नोकरी केलेल्या कुठल्याही बाईला विचारा. कुठल्या गावात कोणाच्या घरी संडास आहे हे मला तोंडपाठ होतं, आणि जिथे नाही त्या दिवशी मी सकाळपासून घशाखाली चहाही उतरवत नसे. कुत्र्याच्या लघवीची चौकशी मी दोनदा केली होती, पण त्याला छातीशी धरून बसलेली बाई तशाच दुखण्याने पोळत होती.

"काशिनाथला सांगते मी."

"नको बाई, पाया पडते! लोक म्हनतील, मुंबईला राहून मॅडम झाली, भावाकडं संडास मागते."

मी माणसांची डॉक्टर नाही. तिला ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंकडे स्वतः घेऊन गेले, गोळ्या सुरू झाल्या. पण गोळ्या किती दिवस पुरणार?

सोमवारी सकाळी काशिनाथची मोटारसायकल दवाखान्याच्या दारात थांबली. पुढे टाकीवर पिशवीत जिमी. मागे सुनंदा, मांडीवर ट्रंक. भावाबहिणीचं वाटेत एक अक्षरही बोलणं झालं नसणार, हे चेहऱ्यांवरून दिसतच होतं.

"बाई, शेवटचा सांगा," काशिनाथ म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "यो बरा होनार का नाय?"

"रोग सापडला. इलाज आहे. पण औषधाचा नाही, गवंड्याचा."

"म्हंजे?"

"याला चार भिंती लागतात. खाली लादी, वर पत्रा. दाराला आतून कडी."

"आतून कडी? कुत्रा कडी लावनार?"

मी पिशवीत हात घालून जिमीचा पडलेला कान खाजवला.

"बाई, थट्टा करता काय गरिबाची? कुत्र्याला संडास बांधू? गाव हसंल!"

"हसू दे. नाही बांधलास तर दाबून दाबून मूत्रपिंडं जातील. ताप आलाच आहे. पाणी तर केव्हाच सोडलंय."

"पानी? काल तर पेलाभर प्यायला यो!"

"काशिनाथ, मी नीट तपासून सांगते आहे. पाणी सोडलंय."

तो पुढे काहीतरी बोलणार होता, थांबला. हळूच मागे बघितलं. सुनंदा ट्रंकेच्या कडीशी चाळा करत होती. तिचे ते सुकलेले ओठ त्याने बहुधा तेव्हाच पहिल्यांदा बघितले. अंगणात एक बैल हंबरला, त्याच्याकडेही त्याचं लक्ष गेलं नाही. शेवटी त्याने विचारलं.

"केवढा बांधायचा?"

"माणूस बसेल एवढा."

"बरा," तो म्हणाला. मग ट्रंक स्वतः उचलून घेतली, बहिणीला म्हणाला, "बस गो," आणि गाडी गावाच्या दिशेने वळवली. गोडाऊनचा त्या दिवशी खाडा झाला.

गाव हसलं, चांगलं पोटभर हसलं. काशिनाथच्या कुत्र्याचा संडास बघायला शेजारच्या वाडीतून लोक आले. मी उन्हाळ्यात बैलांना लस द्यायला त्या गावात गेले तेव्हा मलाही कोणीतरी कौतुकाने दाखवला. घरामागे चार भिंती, निळं दार, बाहेर बादली. आत आधी गेली ती वैनी, असं सुनंदाने मला हळूच सांगितलं. आता शेजारच्या दोघीजणीही येतात म्हणाली. तिच्या अंगावर तुकतुकी आली होती. तिने मला तांब्याभर पाणी दिलं. मी सगळं प्यायले.

"आणि जिमी?"

"जिम्या व्हय?" ती हसायला लागली. गावाने त्याचा जिम्या केला होता. "तो एकदा पन आत गेला नाय बाई. गवंडी काम करीत होता तवर गावच्या कुत्र्यांबरोबर फिरून शिकला."

ते खरंच होतं. मळलेला, कानाला गोचीड, दोन दांडग्या कुत्र्यांच्या मागून जिम्या आला, मला हुंगलं, आणि आमच्या जीपच्या टायरवर पाय वर केला.

निघताना काशिनाथला मी बाजूला घेतलं. "आता तरी लोकांना खरं सांग की. अजून कुत्र्याचा संडास काय म्हणतोस?"

"ऱ्हाऊ द्या बाई," तो म्हणाला. "कुत्र्यासाठी बांधला म्हनून लोक मला हसले. भैनीसाठी म्हनलो असतो तर तिला बोलले असते."

नोकरीत मी हजारो जनावरांना औषधं दिली. रोग एकाचा सांगून इलाज दुसऱ्याचा केला, असा हा एकच. त्या दिवसापासून जनावर तपासून झालं की त्याला घेऊन आलेल्या बाईला मी आधी पाणी पाजते, आणि मागच्या संडासाची किल्ली टेबलावर ठेवते.