आपांची बिननावाची शिंपली

वसमतला दुपारी लाइट गेली की बाकीचे सर वर्ग सोडून द्यायचे. आपा तेव्हाच शिकवायला सुरुवात करायच्या. उरल्यासुरल्या खिडक्याही लावून घ्यायच्या आणि घामाघूम झालेल्या आम्हा पोरांना म्हणायच्या, "आता आपण समुद्राच्या तळाला आलो. इथं ऊन पोचत न्हाई. पर घाबरू नका, इथंबी वस्ती हाय." आम्ही सिद्धेश्वर धरणापलीकडे पाणी पाहिलेलं नव्हतं. तरी त्या अंधारात कुणी हसत नसे.

आपा आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. घर हळदीच्या व्यापाऱ्यांचं, आणि त्यांच्या ओढणीला मात्र बारमाही स्पिरिटचा वास. तरुणपणी त्या संशोधनाच्या जहाजावर एकदाच गेल्या होत्या. "पोरगी लग्नाच्या वयात बोटीवर गेली, आता कसली नांदते!" असं नातेवाईक म्हणाले आणि ते खरंही ठरलं. आपांना त्याचं वाईट वाटायचं की नाही, हे विचारायची आमची छाती नव्हती.

त्या जहाजावरून त्यांनी खोल पाण्यातल्या पोवळ्याची एक वाळकी फांदी आणली होती. ती वर्गात हातोहात फिरायची. प्रयोगशाळेतल्या बाबूमामांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, "आपा, मंगळाच्या अंगठीला चालंल का हे?" आपा हसल्या. मग फांदीवर बोट फिरवत त्यांनी सांगितलं, "मामा, हे शेंड्याला जित्तं असतं, बुडाला मेलेलं. आन गंमत बघा, गोगलगाई, शिंपल्या, समद्यांचं बिऱ्हाड जास्त करून मेलेल्या भागातच." हे वाक्य त्या दरवर्षी सांगायच्या. आम्हाला ते परीक्षेत कधी आलं नाही.

याच फांदीच्या बेचक्यात त्यांना एक शिंपली सापडली होती. नखाएवढी, काचेसारखी पातळ, आणि कडेला जराशी पिवळी. तशी शिंपली कुठल्याच ग्रंथात नव्हती. म्हणजे तिला नाव द्यायचा मान आपांचा, आणि नाव त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. "नावात वसमत येणार. समुद्र न्हाई आपल्याकडं, तर काय झालं? समुद्रात आपलं गाव राहील की!" एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्याकडे मागितली असावी. पण नाव पक्कं करायचं तर दुसऱ्या सगळ्या शिंपल्यांशी ताडून पाहायचं, चित्रं काढायची, मोठ्या तज्ज्ञाला दाखवायचं. मध्ये परीक्षा, निवडणुकीची ड्युटी, आईचं आजारपण. कुरिअरने पाठवायला जीव धजत नव्हता. "फुटली तर? दुसरी कुठून आणू?" म्हणायच्या. शिंपली छोट्या बरणीत स्पिरिटमध्ये राहिली. पुढे मी वारंगा फाट्यावर मेडिकल टाकलं, तेव्हापासून ते स्पिरिट माझ्याकडून जाऊ लागलं.

एका वर्षी आईला घेऊन त्या बरेच महिने हैदराबादला भावाकडे होत्या. त्याच काळात कॉलेजात तपासणीची कमिटी येणार म्हणून धावपळ उडाली. कमिटी आली की बरण्या काठोकाठ भरलेल्या दिसल्या पाहिजेत, हा आमच्याकडचा जुना रिवाज. बाबूमामांनी बेडूक, साप, विंचू सगळ्यांचं पाणी बदललं, फॉर्मालिन भरलं. आपांच्या बरणीतलं स्पिरिट तर त्यांनी सगळ्यांत आधी काढून फॉर्मालिन ओतलं. "त्येंची बरणी काहून सोडायची? इतकं प्रेम हाय त्येंचं तिच्यावर," असं ते मला नंतर कौतुकाने सांगत होते. फॉर्मालिन ठेवून ठेवून आंबट होत जातं. लिंबाच्या रसात अंडं ठेवलं तर कवच कसं निघून जातं, तसं शिंपलीच्या कवचाचं झालं.

आपा परतल्या, बरणी उजेडाला धरली. मी स्पिरिट द्यायला गेलो होतो, म्हणून समोर होतो. कवच नव्हतं. आतला मऊ जीव तेवढा बुडाशी पडून होता, बिचारा, उघडा. मामा दारातून म्हणाले, "बराबर भरली ना, आपा?" आपांनी मान हलवली. "बराबर भरली, मामा. लई तकलीफ घेतली तुमी." मामांना त्यांनी कधीच कळू दिलं नाही, आणि मलाही सांगू दिलं नाही. ते गेले ते त्याच समाधानात गेले.

तज्ज्ञांना फोन केला. ते चांगले होते, पण म्हणाले, ओळख कवचावरून पटते, कवचाशिवाय नाव देता येणार नाही. आणि फॉर्मालिनमध्ये राहिल्यामुळे आतल्या जिवावरूनही काही शोधणं कठीण. आपांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "घर गेलं की नावबी जातं बघ." पुन्हा जहाजावर कोण नेणार होतं त्यांना? दोन-तीन वर्षांत त्या निवृत्त झाल्या. प्राणिशास्त्राला पोरं येईनात, विभाग बंद पडला. पोवळ्याची फांदी विभागाच्या सामानात कुठे गेली, कुणाला माहीत नाही.

बरणी मात्र त्यांनी घरी नेली होती. स्पिरिटचा निरोप वेळेवर यायचा. एकदा मी न राहवून म्हणालो, "आपा, आता कशाला?" त्या चिडल्या. "कशाला म्हंजे? ते हाय ना आजून आत!"

गेल्या पावसाळ्यात आपा गेल्या. भाच्याने घर आवरलं आणि बरणी माझ्याकडे आणून दिली. तसं त्या सांगून गेल्या होत्या. माझ्या काउंटरमागे, खोकल्याच्या औषधांच्या वर, ती ठेवली आहे. फाट्यावर बसची वाट बघणारी माणसं गोळी घ्यायला येतात, त्यांतलं कुणीतरी विचारतं, "ह्ये काय व्हय?"

"शिंपली."

"शिंपली कुठं हाय हिच्यात? नाव काय हिचं?"

गिऱ्हाईक गेलं की मी बरणी उजेडाला धरतो, आणि कमी झालं असेल तेवढं स्पिरिट भरतो.