इक्विटीमास्तरांचा निकाल

इक्विटीमास्तर साध्या प्रश्नाला साधं उत्तर कधी द्यायचे नाहीत, सूत्र सांगायचे. नागपूरच्या लॉ कॉलेजात त्यांनी उभा जन्म एकच विषय शिकवला, इक्विटी. कायद्याच्या काटेकोर नियमाने माणसावर अन्याय होऊ लागला, की विवेकाला धरून वाट काढणारा इंग्रजी कायद्याचा हा भाग. "कायदा अक्षर बघतो, इक्विटी मन बघते," असं ते सांगायचे. पत्नी गेल्यावर मुलीने त्यांना परदेशात, हॅमिल्टनला आणलं, आपल्या घरापासून जवळच एक छोटं घर भाड्याने घेऊन दिलं, आणि ते माझे शेजारी झाले. मी स्टीलच्या कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. माझीही बायको गेलेली, त्यामुळे घरात बोलायला फक्त टीव्ही.

बर्फ पडला की सकाळीच दारावर थाप. "इंजिनिअर, उठा! हक्कावर झोपून राहणाऱ्याला इक्विटी मदत करत नाही. फावडं घ्या, ड्राइव्हवे शोव्हल करा, नाहीतर बर्फाचा दगड होईल." स्वतः मात्र कानटोपी घालून नुसते उभे. मराठी मंडळाच्या जेवणात शेवटची पुरणपोळी उरली, तर 'समता हीच इक्विटी' म्हणत तिचे इतके तुकडे करायचे, की कुणाच्या दातालाही लागायची नाही. लोक वैतागायचे. मला मात्र हा तिरसट माणूस आवडायचा.

एक निकाल मात्र त्यांनी असा दिला, की त्याला अपीलच उरलं नाही. त्यांची मुलगी अनघा एका संध्याकाळी नवऱ्याला सोडून, बॅग घेऊन त्यांच्या दारात आली. मी तिथेच चहा पीत बसलो होतो. बापाने आधी लेकीला जवळ घ्यावं की नाही? यांनी उलटतपासणी सुरू केली. चूक कुणाची, आधी कोण बोललं, सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "इक्विटीकडे येणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. तुझे आहेत?"

"बाबा, आय केम होम," ती म्हणाली. "कोर्टात नाही आले." आणि आल्या पावली निघून गेली. पुढे तिने विंडसरला नोकरी धरली आणि बापाशी बोलणं टाकलं.

मंडळात मास्तर सांगायचे, "दर रविवारी अनघाचा फोन असतो." एका रविवारी मी दिवसभर त्यांच्याकडेच होतो. फोन काही वाजला नाही. तिन्हीसांजेला दिवा लावता लावता ते म्हणाले, "चला, झालं पोरीशी बोलणं." मी फोनकडे बघितलं, तेव्हा त्यांनी मान खाली घातली. "जे व्हायला हवं, ते झालंच असं इक्विटी धरून चालते, इंजिनिअर." इतका एकटा माणूस मी पाहिला नव्हता, आणि मी काही एकटेपणात नवखा नव्हतो.

माझं डोकंच फिरलं. "न्याय मागणाऱ्याने आधी स्वतः न्यायाने वागावं, हेही तुमचंच सूत्र ना? मग लावा फोन!"

"आता फार उशीर झाला हो. उशीर करणाऱ्याला इक्विटीही थारा देत नाही."

मीच नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात कोंबला.

"हॅलो? बाबा?" पलीकडून आवाज आला. तासन्‌तास व्याख्यान देणाऱ्या माणसाला शब्द सुचेना.  शेवटी म्हणाले, "जेवलीस का?"

 मग "नाही, बाबा," म्हणून ती रडायलाच लागली.

पुढच्याच आठवड्यात ती त्यांना विंडसरला घेऊन गेली. घडवून आणलं मी, आणि मागे एकटा राहिलोही मीच. त्या हिवाळ्यात कुणी उठवणारं नव्हतं, म्हणून मी उन्हं वर येईपर्यंत पडून राहायचो. चांगलं केल्यावरही इतकं वाईट वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं.

बर्फ वितळता वितळता मास्तर गेले. मी विंडसरला गेलो. सगळं उरकल्यावर अनघा माझ्याशेजारी येऊन बसली.

"काका, बाबा नेव्हर सेड सॉरी. एकदाही नाही. मी कामावरून आले, की रोज फक्त विचारायचे, जेवलीस का."

मी म्हटलं, "अगं वेडे, तेच होतं ते."